गावची शाळा : कारभार, पैसा आणि प्रगती

खेड्यातील प्राथमिक शाळेवर ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा’ अशी पाटी असते. ती वाचली की शाळा कोणाची हे आपल्याला समजले असे वाटते. परंतु त्या शाळेत शिक्षक किती असावेत हे कोण ठरवितो, त्यांचा पगार कोण देतो, पाठ्यपुस्तक कोण तयार करतो, गळके छप्पर कोणी दुरुस्त करावयाचे आणि तिसरीतल्या मुलाला वाचता आले नाही तर जाब कोणाला विचारावयाचा, असे प्रश्न एकामागून एक विचारू लागलो म्हणजे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर निराळे येते. ‘लोकशाही विकेंद्रीकरण’ हे प्रकरण राज्यशास्त्राच्या वर्गात आपण सर्वच शिकतो. ते शाळेच्या फाटकापाशी कसे दिसते, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ऊर्जानगरला राहणाऱ्यास हा प्रश्न विशेष जवळचा वाटावा. १९८३ साली येथील औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि कोळसा, वीज व वसाहत यांच्या भोवती नवी वस्ती उभी राहिली. चंद्रपूर शहरात २०११ साली महानगरपालिका आली. ऊर्जानगर व दुर्गापूर मात्र ग्रामपंचायतींच्या कारभारात राहिले. त्यामुळे शहरातील महापालिकेची शाळा, लगतची जिल्हा परिषदेची शाळा, खाजगी संस्थेची अनुदानित शाळा, विनाअनुदानित इंग्रजी शाळा आणि थोडे जंगलात गेले की आदिवासी विकास विभागाची आश्रमशाळा, असे पाच प्रकार एका दिवसाच्या फेरफटक्यात दिसू शकतात. प्रत्येकीचा धनी वेगळा, पैशाचा मार्गही वेगळा. या लेखात आपण मुख्यत्वे जिल्हा परिषदेच्या शाळेचाच विचार करू, कारण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील दूरच्या खेड्यातील मुलाला बहुधा तीच एक शाळा उपलब्ध असते.

पूर्वपीठिका

शाळेवर पैसा कोणाचा खर्च होतो, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके हेच विचारले होते. सरकारी तिजोरीत भर शेतकऱ्याच्या घामाची पडते. मग शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांनाच का, आणि रयतेच्या प्राथमिक शिक्षणाची आबाळ का, असा त्यांचा सवाल होता. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमरेलीत प्रयोग करून १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले विधेयक मात्र संमत होऊ शकले नाही.

आपला चांदा जिल्हा त्या काळी मध्यप्रांतात होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने मध्यप्रांत व वऱ्हाडात तहसील पातळीवर जनपद सभा स्थापन झाल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. १९५६ साली हा भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून ‘महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१’ हा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. तहसिलीची सत्ता अशा रीतीने जिल्ह्याला गेली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. सुमारे साडेचौदा हजार चौरस किलोमीटरचा विस्तार आणि २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला अवघी ७४ माणसे, हे त्या जिल्ह्याचे स्वरूप लक्षात ठेवले तर पुढील विवेचन समजण्यास सोपे जाईल.

कारभाराची रचना

कायद्याने आखलेली रचना वरवर पाहता सुटसुटीत आहे. लोकांनी निवडून दिलेली जिल्हा परिषद, तिच्या विषय समित्यांपैकी शिक्षणाची समिती, त्या समितीचा सभापती आणि तिचे काम पाहणारे शिक्षणाधिकारी, असा वरचा थर आहे. २०१७ च्या निवडणुकीच्या वेळी चंद्रपूर जिल्हा परिषदेत ५६ आणि गडचिरोलीत ५१ सदस्य होते. तालुक्याला पंचायत समिती व गटशिक्षणाधिकारी. त्याखाली विस्तार अधिकारी. साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख. आणि शाळेत मुख्याध्यापक. अगदी तळाशी, म्हणजेच मुलाच्या अगदी जवळ, शाळा व्यवस्थापन समिती आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात.

प्रत्यक्ष अधिकार मात्र या शिडीवर समान वाटलेले नाहीत. शिक्षक जिल्हा परिषदेचा नोकर असतो, परंतु त्याची निवड राज्याच्या ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीतून होते. त्याच्या बदलीचे धोरण ग्रामविकास विभाग ठरवितो. २०१७ पासून बदल्यांसाठी गावांची ‘अवघड’ आणि इतर अशी वर्गवारी करण्यात आली. अभ्यासक्रम पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा, पुस्तके बालभारतीची. शिक्षकांची पदे पटावरून ठरतात. त्याचे निकषही शासन निर्णयानेच येतात व बदलतात. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने ते असेच बदलले. तात्पर्य, जिल्हा परिषद शाळा चालविते असे आपण म्हणतो तेव्हा बव्हंशी ती राज्याचे निर्णय अंमलात आणीत असते.

या रचनेला दुसरा धक्का २०२२ नंतर बसला. दोन्ही जिल्हा परिषदांची पाच वर्षांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीप्रमाणे मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावयास हवी होती. आरक्षणाच्या वादात ती लांबली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ शिक्षण समितीचा सभापतीच नव्हता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार पालकाने तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करावयाची आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत लागावयाचा. परंतु जेथे अधिकारीच प्रशासक आणि प्रशासकच स्थानिक प्राधिकरण, तेथे ज्याच्या कारभाराविषयी तक्रार त्याच्याच टेबलावर ती जाऊन पडते. लोकप्रतिनिधी सारेच कार्यक्षम असतात असे कोणी म्हणणार नाही. पण मतासाठी पुन्हा दारात यावे लागणारा माणूस गावच्या शाळेबद्दल निदान ऐकून तरी घेतो.

पैशाचा मार्ग

शाळेच्या खर्चाचा फार मोठा भाग वेतनाचा असतो. तो राज्य शासन अनुदानरूपाने देते आणि जिल्हा परिषदेच्या हिशेबातून तो शिक्षकाच्या खात्यावर जातो. या रकमेवर जिल्हा परिषदेचा नावापुरताच अधिकार असतो. ती इकडची तिकडे करता येत नाही. दुसरा प्रवाह ‘समग्र शिक्षा’ योजनेचा. २०१८ साली सर्व शिक्षा अभियान व माध्यमिक शिक्षा अभियान एकत्र करून ही योजना आखण्यात आली. खर्चात केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के. तिसरा प्रवाह जिल्हा नियोजन समितीचा व आदिवासी उपयोजनेचा. त्यातून वर्गखोल्या, दुरुस्ती, संरक्षक भिंत अशी कामे होतात. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे जमीन महसुलावरील उपकर आणि तत्सम लहान बाबी. जेथे डोंगर व राखीव वन अधिक आणि लागवडीखालील जमीन थोडी, तेथे हा उपकर किती येणार, हे सांगावयास नको.

शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती काय पडते ते पाहू. समग्र शिक्षेच्या निकषांप्रमाणे ३० किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळेस वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान आहे. ३१ ते १०० पटास २५,००० आणि १०१ ते २५० पटास ५०,०००. यातील निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चावयाचा असतो. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षात २०० दिवस शाळा भरली पाहिजे. म्हणजे लहान शाळेच्या वाट्यास दिवसाला ५० रुपये आले, आणि स्वच्छतेचा भाग वगळला तर ४५. खडू, रजिस्टर, फुटलेला नळ, बल्ब, झाडू आणि विजेचे बिल हे सारे त्यातच. राज्यातील अनेक जिल्हा परिषद शाळांचा वीजपुरवठा थकबाकीपायी तोडला गेला आणि २०२२ साली शासनाला बिलांसाठी वेगळी तरतूद करावी लागली, यात मग आश्चर्य कसले? ज्या जिल्ह्यातून राज्याला वीज जाते, त्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी तरी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

येथे आणखी एका निधीचा उल्लेख आवश्यक आहे. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन खाणी असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली. जुन्या पट्ट्यांच्या खाणमालकाने स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी आणि लिलावाने मिळालेल्या खाणीच्या मालकाने १० टक्क्यांइतकी रक्कम या प्रतिष्ठानात भरावयाची असते. निधीचा मोठा हिस्सा (मूळ नियमांत ६० टक्के, २०२४ च्या सुधारित नियमांत ७० टक्के) पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या बाबींवर आणि खाणबाधित क्षेत्रात खर्च व्हावा असा दंडक आहे. कोळशाच्या धुळीत वाढणाऱ्या मुलाच्या शाळेचा या पैशावर न्याय्य हक्क आहे. मात्र हा निधी जिल्हाधिकारी पातळीवर हाताळला जातो आणि शाळेची गरज तेथपर्यंत लेखी गेल्याखेरीज ती यादीत येत नाही.

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण उपयोगी पडेल. तेथे शाळांसाठीच स्वतंत्र स्थानिक शासन असते. त्याला ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. त्याचे मंडळ बहुतेक ठिकाणी लोक थेट निवडतात आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग स्थानिक घरे व जमिनी यांवरील करातून येतो. जेथे घरे महाग तेथे शाळा श्रीमंत, जेथे झोपड्या तेथे शाळा गरीब, हा त्याचा परिणाम. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथील पालकांनी याविरुद्ध दाद मागितली, पण १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती फेटाळली. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे न्यायालयाचे मत पडले. आपल्याकडे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना तो मूलभूत हक्क मिळाला आहे. शिवाय भामरागडच्या शिक्षकाचा पगार भामरागडच्या करावर अवलंबून नाही, ही आपल्या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू होय. तेथे गावाला अधिकार आहे, पण गरीब गावाला पैसा अपुरा. आपल्याकडे पगाराचा पैसा समान येतो, पण त्यासोबत अधिकार गावापर्यंत उतरत नाही.

प्रगती कशी मोजावी ?

‘जिल्हा परिषदेच्या शाळेत काही शिकवीत नाहीत’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याला पुरावा लागतो याचाही विसर पडतो. प्रथम साक्षरतेचे आकडे पाहू. २००१ साली गडचिरोली जिल्ह्यात साक्षरता सुमारे ६० टक्के होती, २०११ साली ती ७४ वर गेली. चंद्रपूर ७३ वरून ८० वर गेले. त्याच दशकात महाराष्ट्राचा आकडा ७७ वरून ८२ झाला. म्हणजे राज्य आणि गडचिरोली यांच्यातील सतरा टक्क्यांचे अंतर दहा वर्षांत आठांवर आले. हे सारे श्रेय शाळेचेच असे म्हणता येणार नाही. पण ज्या गावांत दुसरी शाळाच नव्हती तेथे ते मोठ्या प्रमाणावर तिलाच द्यावे लागेल.

साक्षरतेच्या पुढची पायरी म्हणजे खरोखर वाचता येणे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील मुलांना त्यांच्या घरी जाऊन दुसरीच्या पातळीचा उतारा वाचावयास देतात. देशभरातील सरकारी शाळांच्या तिसरीतील मुलांपैकी असा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली २०.९ टक्के, टाळेबंदीनंतर २०२२ साली १६.३ टक्के आणि २०२४ साली २३.४ टक्के आढळली. घसरण भरून निघाली, पण चौघांपैकी तिघांना अद्याप तो उतारा वाचता येत नाही, ही वस्तुस्थिती कोणालाही अस्वस्थ करील.

आकड्यांच्या बाबतीत सावधही राहिले पाहिजे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा पटावरची मुले आणि वर्गातली मुले यांत मोठी तफावत आढळली होती. जेथे पटावर पदे आणि अनुदान अवलंबून, तेथे पट फुगविण्याचा मोह उत्पन्न होतो. निकालावर बक्षीस ठेवले तर निकालही फुगेल.

आता वर्गातील वेळेचा हिशेब करू. कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात, आणि वर्ग असतात पाच. शिकविण्याचे पाच तास धरले तर दोन शिक्षकांची मिळून ६०० मिनिटे होतात; पाच वर्गांत वाटली म्हणजे एका वर्गास १२० मिनिटे. एक शिक्षक रजेवर, प्रशिक्षणाला किंवा माहिती भरण्यासाठी तालुक्याला गेला की उरतात ६० मिनिटे. उरलेला वेळ ती मुले एकमेकांच्या आधाराने काढतात. जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकास देऊ नयेत असे कायद्याचे कलम २७ सांगते. पण माहितीचे तक्ते या कलमाच्या फटीतून आत शिरतातच.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. गडचिरोलीत घरी गोंडी किंवा माडिया बोलणारे मूल पहिल्या दिवशी मराठी पुस्तकापुढे बसते. सिरोंचाकडे तेलुगू आणि मुलचेरा-चामोर्शीच्या काही वस्त्यांत बंगाली घरची भाषा असते. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच सुरू केली. मान्यता नाही म्हणून शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरविली आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्या मुलांना कोणत्या भाषेत शिकवावे हे गाव ठरवू पाहते तेव्हा कायद्याने त्याच्यासाठी किती जागा ठेवली आहे, याचे उत्तर या एका प्रकरणातून मिळते.

लहान शाळांचे भवितव्य

या सर्व चर्चेला आज एक तातडीचे कारण आहे. २०१७ च्या अखेरीस शासनाने दहा किंवा त्याहून कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत सामावून घेण्याचे ठरविले. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. राज्यात अशा १४,७८३ शाळा आणि त्यांत १,८५,४६७ मुले होती. मोठ्या शाळेत वर्गाला स्वतंत्र शिक्षक, प्रयोगशाळा, खेळाचे साहित्य मिळते हा युक्तिवाद खोटा नाही. वरचे १२० मिनिटांचे गणित त्याच्याच बाजूने बोलते.

परंतु अंतर नकाशावर मोजणे वेगळे आणि पायांनी मोजणे वेगळे. नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी. फेब्रुवारी २०२२ मध्ये खुद्द आपल्या वीज केंद्राच्या व दुर्गापूरच्या परिसरात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसे दगावली. वस्तीतच ही स्थिती, तर ताडोबाच्या कडेच्या खेड्यातील सहा वर्षांच्या मुलीचा एक किलोमीटर किती लांब असेल? पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. त्या दिवसांत नदीपलीकडची मोठी शाळा लहान मुलाच्या काय उपयोगाची? अशा ठिकाणी वाहनाची सोय कागदावर मंजूर होऊन भागत नाही, ती पावसाळ्यातही चालली पाहिजे. शाळा गेली की पहिल्यांदा मुलींचे शिक्षण थांबते, हे गावातल्या कोणत्याही आईला विचारावे.

म्हणून शाळा ठेवावी की मिळवून टाकावी हा निर्णय पटाच्या एका आकड्यावर होऊ नये. रस्ता, नदी, जंगल, भाषा आणि वर्गातील मिनिटे ही पाचही अंगे पाहून आणि पालकांना विचारून तो व्हावा.

उपसंहार

वरील विवेचनाचा सारांश असा : गावच्या शाळेचे निर्णय एका ठिकाणी होतात, पैसा दुसऱ्या ठिकाणाहून येतो आणि अपयशाचा ठपका तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे वर्गातल्या शिक्षकावर व अशिक्षित पालकावर बसतो. मुलाच्या जितके जवळ जावे तितका अधिकार कमी आणि दिवसाचे रुपये पन्नास.

ही व्यवस्था बदलणे आपल्या हाती नाही असे म्हणून गप्प बसण्याचे मात्र कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ मध्ये एक महत्त्वाचे वाक्य आहे. शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा तयार करावयाचा आणि शासनाच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या योजना व अनुदाने यांना तोच आधार मानावयाचा. पालकांच्या समितीस एवढा अधिकार कायद्याने दिला असताना तो आराखडा अनेक ठिकाणी तयार नमुन्यात आकडे भरून, सह्या घेऊन पाठविला जातो. कारण समितीत बसलेल्या मजूर बाईला त्याची भाषा समजत नाही, आणि ज्यांना समजते ते समितीच्या सभेला जात नाहीत.

येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे काम सुरू होते. सुट्टीत गावी गेल्यावर शाळेचा आराखडा मागून वाचावा. छप्पर, पाणी, वीज, शिक्षक, रस्ता यांपैकी काय त्यात आले नाही ते पालकांबरोबर बसून सोप्या मराठीत लिहावे. जेथे खाण आहे तेथे तो कागद खनिज निधीसाठीही पाठवावा, आणि ग्रामसभेत तो वाचून दाखवावा. जेथे घरची भाषा गोंडी आहे तेथे तो गोंडीत समजावून सांगावा. जिल्हा परिषदेची निवडणूक आली म्हणजे उमेदवाराला रस्त्याबरोबर शाळेबद्दलही विचारावे. यांपैकी कोणत्याही कामाला पदवी लागत नाही, परंतु ज्याला ती मिळाली त्याच्यावर हे ऋण अधिक आहे. कारण आपल्यापैकी बहुतेकांची मुळाक्षरे अशाच एखाद्या शाळेच्या फळ्यावरून उतरली आहेत.